नीळकंठशास्त्री गोऱ्हे : खंडनासाठी निघालेले पंडित

भोपाळच्या तात्या टोपे नगरात, जवाहर चौकाच्या अलीकडे, माझे आजोळ होते. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली, तेव्हा नागपूर, इंदूर, ग्वाल्हेरकडची अनेक मराठी नोकरदार कुटुंबे तेथील सरकारी निवासस्थानांत येऊन राहिली. आजोबा त्यांपैकीच एक. त्यांच्या कपाटात पोथ्यांच्या शेजारी एक संस्कृत ग्रंथ असे. उज्जैनच्या सिंधिया प्राच्य संस्थेने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला, सदाशिव कात्रे यांनी संपादिलेला हा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. हिंदू शास्त्रांचे समर्थन आणि ख्रिस्ती मताचे खंडन हा त्याचा विषय. हा ग्रंथ लिहिणारा तरुण पुढे तीन-चार वर्षांत ख्रिस्ती झाला, एवढे सांगून आजोबा थांबत. मग वादात जिंकले कोण, असे मी लहानपणी एकदा विचारले होते. त्याचे उत्तर त्यांनी दिले नाही. ग्रंथकर्त्याचे चरित्र वाचल्यावर त्यांच्या मौनाचे कारण थोडेफार उमगले.

ग्रंथकर्त्याचे नाव नीळकंठशास्त्री गोऱ्हे. पुढे ते रेव्हरंड नहेम्या नीळकंठ गोऱ्हे आणि अखेरीस फादर गोऱ्हे म्हणून ओळखले गेले. त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी बुंदेलखंडात, झाशीच्या बाजूला असलेल्या काशीपुरा गावी, चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. या घराण्याचा संबंध बांद्याच्या नवाबांच्या दरबाराशी होता. हे नवाब बाजीराव आणि मस्तानीचे वंशज, त्यामुळे त्यांच्या पदरी कोकणस्थ कारभारी असणे स्वाभाविकच होते. पुढे कुटुंब काशीला स्थायिक झाले. नीळकंठशास्त्रींचे शिक्षण तेथेच, जुन्या पद्धतीने, व्याकरण आणि न्यायशास्त्रात झाले. इंग्रजी शाळेत जाऊन, मिशनरी शिक्षकाच्या प्रभावाने धर्म बदललेल्या मुंबई-पुण्याच्या तरुणांत त्यांची गणना करता येत नाही, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये आपल्या शेजारच्या बेळगावात झाला. त्यांच्या मागे मिशन शाळेतील शिक्षण आणि सुधारकांचे वारे होते. नीळकंठशास्त्रींच्या मागे होती ती काशीची शास्त्रार्थाची परंपरा. प्रतिपक्षाचे मत आधी नीट मांडावे, मग त्यातील दोष दाखवावेत आणि शेवटी आपला सिद्धान्त सांगावा, ही तिची शिस्त.

ही शिस्त त्यांनी प्रथम घरातल्याच श्रद्धेला लावली होती. घराणे शिवोपासक होते. नीळकंठशास्त्रींनी विचारान्ती शिवाची उपासना सोडून विष्णूची उपासना स्वीकारली. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. तरी परंपरेने आलेले दैवतदेखील पारखूनच घ्यायचे हा स्वभाव ख्रिस्ती मिशनऱ्यांशी गाठ पडण्यापूर्वीच त्यांच्या ठायी होता, हे तिच्यावरून कळते.

त्या काळी पंडितांच्या वर्तुळात ‘मतपरीक्षा’ नावाच्या संस्कृत पुस्तकाची चर्चा होती. ते जॉन म्यूर या स्कॉटिश सनदी अधिकाऱ्याने लिहून १८३९ मध्ये प्रसिद्ध केले होते. म्यूर पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख झाले. खरा धर्म कोणता हे बुद्धीने ठरवता येते आणि त्यासाठी काही कसोट्या लावाव्या लागतात, अशी त्यांची मांडणी होती. धर्मसंस्थापकाच्या अंगी चमत्कार करण्याचे सामर्थ्य असावे, धर्मग्रंथ पवित्र असावा आणि तो सर्व मानवजातीसाठी असावा, या त्या कसोट्या. त्यांवर ख्रिस्ती धर्मच उतरतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. कसोटी ज्याने निवडली त्याचाच माल तीवर खरा ठरावा, यात नवल ते काय? पण संस्कृतात, श्लोकबद्ध रीतीने, पंडितांच्याच भाषेत घातलेला हा वाद असल्याने त्याला उत्तर देणे पंडितांना भाग पडले.

पहिले उत्तर त्याच वर्षी ‘सोमनाथ’ या टोपणनावाने आले. हे सोमनाथ म्हणजे सुबाजी बापू, असे अभ्यासक मानतात. येथे भोपाळचा धागा पुन्हा हाती येतो. जवाहर चौकापासून पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर सीहोर आहे. इंग्रजांचा भोपाळ दरबारातील पोलिटिकल एजंट तेथे राहत असे. लॅन्सलॉट विल्किन्सन या एजंटाच्या आश्रयाने तेथे एक विलक्षण पाठशाळा चालत होती. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तग्रंथांच्या आधारे पुराणांतला भूगोल बाजूला सारावा आणि तेथून कोपर्निकसच्या सूर्यकेंद्री मतापर्यंत विद्यार्थ्यांना न्यावे, अशी तिची रीत होती. सुबाजी बापू हे तेथील मराठी पंडित. त्यांनी १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ याच विषयावर लिहिला. पुढे काशीत ज्योतिषाचे अध्यापक म्हणून कीर्ती मिळवणारे बापूदेवशास्त्री हेही सीहोरलाच शिकले. पृथ्वी फिरते हे मान्य करायला सुबाजींना अडचण आली नाही. मात्र बुद्धीने धर्म निवडायचा हे त्यांनी मानले नाही. ज्याला जो धर्म लाभला तो त्याच्या कल्याणासाठी ईश्वरानेच दिलेला आहे, इतरांचा धर्म खोटा ठरवण्याची गरज नाही, असा त्यांचा शांत पवित्रा होता. ग्रहगणितात बुद्धीला पूर्ण मुभा आणि धर्मनिवडीत मात्र नाही, हा सीहोरच्या पंडिताने काढलेला मार्ग आजही कित्येकांना सोयीचा वाटतो.

नीळकंठशास्त्रींना तो सोयीचा वाटला नाही. विशीतला हा पंडित काशीतील चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याकडे गेला तो त्यांना निरुत्तर करण्यासाठीच. स्मिथ वादविवादात विशेष तरबेज नव्हते. ते शांतपणे ऐकून घेत आणि वाचायला पुस्तके देत. त्या वाचनातून आणि म्यूर यांच्या ग्रंथाला उत्तर म्हणून १८४४-४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ सिद्ध झाला.

या ग्रंथाची भूमिका नीट समजून घेतली पाहिजे, कारण गोऱ्हे यांच्या पुढील पन्नास वर्षांचे बीज तिच्यात आहे. स्वतंत्र तर्काला धर्माच्या क्षेत्रात प्रामाण्य नाही, असे ते म्हणतात. शास्त्र आधी, त्यावरील श्रद्धा आधी आणि त्यांच्या मागून चालणारा तर्क तेवढा ग्राह्य. निव्वळ तर्काने शास्त्राची परीक्षा करू म्हणणारा अंधारात चाचपडतो. ही भूमिका मांडून झाल्यावर ते म्यूर यांच्यावर त्याच तर्काचे जे प्रहार करतात ते मात्र आजही वाचकाला बेचैन करतात. जन्मतः आंधळ्या किंवा व्याधिग्रस्त बालकाने काय पाप केले? पूर्वजन्म आणि कर्म मानले तर या दुःखाचा काही न्याय लावता येतो. एकच जन्म मानला तर ईश्वर अन्यायी ठरतो. मुक्या जनावरांच्या यातनांचे काय? ज्यांना आत्माच नाही असे ख्रिस्ती मत सांगते, त्यांना ईश्वर कशासाठी पिडतो? चार दिवसांच्या आयुष्यातील पापांसाठी अनंतकाळ नरक, हे कोणत्या न्यायात बसते? ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी गेलेच नाही त्यांचा दोष कोणता?

हे प्रश्न आजही सुटलेले नाहीत. आणि ते विचारणाराच पुढे प्रतिपक्षात जाऊन बसला. आयुष्यभर त्याला आपल्याच तरुणपणीच्या प्रश्नांना उत्तरे देत राहावे लागले. अनंत शिक्षेच्या सिद्धान्तावरील आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका गोऱ्हे यांनी १८६८ मध्ये लिहिली. ती वाचताना, हे आक्षेप प्रथम कोणी घेतले होते, हे आठवल्यावाचून राहत नाही.

मधल्या तीन वर्षांत काय घडले? स्मिथ यांच्याशी वाद सुरू राहिला, बायबलचे वाचन वाढले. डोंगरावरील प्रवचनातील नीतीने त्यांचे मन वेधले. खंडनासाठी प्रतिपक्षाचा ग्रंथ प्रामाणिकपणे वाचायचा, ही शास्त्रार्थाची शिस्त त्यांनी पाळली आणि त्यातच त्यांचा पक्ष ढळला. आपल्या शास्त्रांवर म्यूर यांनी घेतलेले आक्षेप ज्या कठोरपणे तपासायला हवे होते तसे आपण तपासले नाहीत, अशी टोचणी त्यांना लागली असावी, असे त्यांच्या पुढील लेखनावरून मला वाटते. १४ मार्च १८४८ रोजी, काशीत गदारोळ होऊ नये म्हणून, जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. यरुशलेमची पडलेली तटबंदी पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याचे नाव त्यांनी घेतले.

काशीसारख्या ठिकाणी, वडील हयात असताना, शास्त्री म्हणून नाव होऊ लागलेल्या मुलाने हे करावे, याचा घरावर कोणता आघात झाला असेल याची कल्पना वाचकांनी करावी. त्या काळी धर्मांतर म्हणजे जिवंतपणी सुतक. पत्नी लक्ष्मीबाई काही काळानंतर त्यांच्याकडे येऊन राहिली आणि तिनेही बाप्तिस्मा घेतला. सप्टेंबर १८५३ मध्ये त्यांना कन्या झाली. त्यानंतर काही महिन्यांतच लक्ष्मीबाई वारल्या. पोरकी मुलगी युरोपीय कुटुंबांत वाढली. एलन लक्ष्मी गोऱ्हे या नावाने तिने पुढे इंग्रजीत भक्तिगीते रचली. ती इंग्लंड-अमेरिकेच्या प्रार्थनामंदिरांत गायली गेली. मोठी झाल्यावर ती भारतात परतून सेवाकार्यात पडली आणि १९३७ पर्यंत जगली. पित्याने मुलीला दुसऱ्याच्या हाती सोपवले, हे मात्र मनाला लागून राहते. सत्याच्या शोधात निघालेल्या पुरुषांच्या चरित्रांत अशा मुली फार आढळतात. आपल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले, तेव्हाही घरी पत्नी आणि तान्ही मुलगी होती.

१८५४ मध्ये गोऱ्हे इंग्लंडला गेले ते पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांच्या सोबतीला. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. आणि ऑक्सफर्डला मॅक्स म्यूलर भेटले. या भेटीची हकिकत म्यूलर यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. समोरचा तरुण विलक्षण खिन्न होता. बायबलातील ख्रिस्त वाचून जो धर्म त्याने स्वीकारला होता, तो लंडनच्या रस्त्यांत त्याला कोठे दिसेना. लंडनमध्ये दिसते तेच ख्रिस्तीपण असेल तर आपण ख्रिस्ती नव्हे आणि आपण परत जावे हे बरे, अशा विचाराने तो खचला होता. ग्रंथांतून जो धर्म गाठतो त्याला हा धक्का ठरलेलाच. जो कुळपरंपरेने ख्रिस्ती असतो त्याला आपल्या धर्मबांधवांचे दोष जन्मापासून ठाऊक असतात आणि त्यांसह तो श्रद्धा बाळगतो. गोमंतकाच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे सोळाव्या शतकात हा धर्म राजसत्तेच्या हाताला धरून आला. गावेच्या गावे बदलली आणि त्यानंतर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचून ती श्रद्धा लोकांच्या कानी-मनी घातली. तो ग्रंथ १६१६ मध्ये छापून निघाला. म्हणजे येथे धर्म आधी आणि ग्रंथ मागाहून. गोऱ्हे यांच्या बाबतीत क्रम उलटा होता. कोणाची सत्ता नाही, लाभ नाही. ग्रंथ आणि वाद एवढेच.

भारतात परतल्यावर त्यांनी आपला सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ १८६० मध्ये कलकत्त्याला प्रसिद्ध झाला आणि दोन वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. भाषांतरकार फिट्झएडवर्ड हॉल हे अमेरिकन संस्कृतज्ञ. काशीच्या पाठशाळेत शिकवून ते सागर भागात शिक्षणखात्याचे अधिकारी झाले होते आणि १८५७ च्या धामधुमीत सागरच्या किल्ल्यात अडकून पडले होते.

या ग्रंथात गोऱ्हे नैयायिकाच्या हत्यारांनी सहाही दर्शनांची झडती घेतात. सांख्य आणि मीमांसा ईश्वराला जगत्कर्ता मानीत नाहीत म्हणून त्यांचा निकाल लवकर लागतो. न्याय-वैशेषिकांविषयी त्यांचा सूर सौम्य आहे, कारण कार्यावरून कर्त्याचे अनुमान करणारे ते दर्शन ईश्वर मानते. फक्त परमाणू आणि जीव हे ईश्वराइतकेच अनादि धरल्यामुळे तो ईश्वर कुंभारासारखा परावलंबी होतो, हा त्यांचा आक्षेप. खरी लढाई अद्वैत वेदान्ताशी आहे. ब्रह्म ज्ञानस्वरूप आहे असे म्हणता आणि त्याला कशाचेच ज्ञान नसते असेही म्हणता. मग ते ज्ञान तरी कोणत्या अर्थाने? ज्याला विषय नाही त्याला ज्ञान म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग नव्हे काय? माया सत् नाही आणि असत् नाही असे सांगून सुटका होत नाही. जीव मिथ्या असेल तर अज्ञान राहते कोणाच्या आश्रयाने? ब्रह्माच्या म्हणाल तर ब्रह्म मलिन होते. आणि पाप-पुण्य केवळ व्यवहारापुरते खरे असेल, तर पापाचा पश्चात्ताप तरी कोणी आणि कोणापुढे करावा?

हा शेवटचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने सर्वांत कळीचा होता. बाकीचे आक्षेप रामानुज आणि मध्व यांच्या अनुयायांनी शतकानुशतके घेतलेच होते; अद्वैत्यांनी त्यांना उत्तरेही दिली होती. पारमार्थिक आणि व्यावहारिक सत्तेचा भेद गोऱ्हे फार शब्दशः घेतात आणि त्यामागील साधनेचा अनुभव विचारातच घेत नाहीत, असे एका मराठी वाचकाला ज्ञानेश्वर-एकनाथ वाचल्यानंतर वाटल्यावाचून राहत नाही. शिवाय जी धार त्यांनी मायेला लावली ती त्रैक्याच्या सिद्धान्ताला लावली नाही. तेथे मात्र ते हे गूढ बुद्धीपलीकडचे आहे, श्रुतीने सांगितले म्हणून मानायचे, असे म्हणतात. म्हणजे पुन्हा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’तीलच भूमिका, शास्त्र तेवढे बदलले.

याची जाणीव त्यांना स्वतःला नव्हती असे म्हणता येत नाही. बाप्तिस्म्यानंतर शंका थांबतील ही अपेक्षा फोल ठरली. त्यांची पत्रे वाचणाऱ्या चरित्रकारांनी नमूद केले आहे की शंकांनी त्यांचा पिच्छा अखेरपर्यंत पुरवला. ज्या बुद्धीने घरातून बाहेर काढले ती नव्या घरातही स्वस्थ बसू देईना. बायबल प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने वाचावे या प्रॉटेस्टंट भूमिकेवर त्यांना टेकता येईना, कारण आपली बुद्धी कोठे कोठे नेते याचा अनुभव त्यांना होता. म्हणून ते हळूहळू अँग्लिकन चर्चमधील त्या पक्षाकडे वळले, जो चर्चची प्राचीन परंपरा, संस्कार आणि अधिकार यांना प्रमाण मानतो. १८६८ मध्ये डीकन आणि १८७० मध्ये पूर्ण धर्मगुरू म्हणून त्यांना दीक्षा मिळाली. काही काळ त्यांनी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला काम केले. पुढे ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त धर्मगुरूंच्या संघात ते दाखल झाले. परंतु अखेरचे व्रत त्यांनी घेतले नाही. शेवटपर्यंत ते संघाचे उमेदवारच राहिले. मनात शंका असताना आजन्म शपथ घेणे त्यांच्या सचोटीला मानवले नसावे.

त्यांच्या राहणीत मात्र काशीचा ब्राह्मणच टिकून होता. गरजा अत्यल्प आणि आहार साधा. संघाच्या पुण्यातील पंचहौद मिशनशी त्यांचा निकटचा संबंध आला. याच मिशनमध्ये १८९० साली चहा घेतल्यावरून रानडे आणि टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य झाले, हे सर्वश्रुत आहे.

पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांशी त्यांचा वाद वेगळ्या अंगाने चालला. प्रार्थना समाजाची मंडळी एकच, दयाळू, नीतिमान ईश्वर मानीत आणि हा धर्म बुद्धीने सहज कळतो, त्यासाठी कोणत्याही ग्रंथाची गरज नाही, असे म्हणत. गोऱ्हे यांचे म्हणणे असे की ही ईश्वराची कल्पना बुद्धीला सहज सुचली असती तर षड्दर्शनकारांसारख्या प्रखर बुद्धीच्या माणसांना ती का सुचली नाही? ती तुमच्याकडे ख्रिस्ती शिक्षणाच्या वाटेने आली आहे. फळ घेता आणि झाड नाकारता. भक्तिसंप्रदायाच्या संतांना या युक्तिवादात जागा कोठे, असा प्रश्न येथे उभा राहतो आणि गोऱ्हे यांचे उत्तर त्यावर अपुरे पडते. तरीही एका व्यक्तीवर या युक्तिवादाचा खोल परिणाम झाला. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्या पुण्यात असताना त्यांचा गोऱ्हे यांच्याशी परिचय झाला होता. इंग्लंडला वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात राहत असताना गोऱ्हे यांच्या लिखाणाने आणि पत्रांनी आपले समाधान झाले, असे त्यांनी आपल्या आत्मकथनात मान्य केले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पण पुढे रमाबाईंनी केले काय? त्रैक्यापासून क्रुसावरील लॅटिन अक्षरांपर्यंत प्रत्येक गोष्टीत त्या वाँटेजच्या भगिनींशी वाद घालत राहिल्या. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसरीच्या जोखडात मान देणार नाही, असा त्यांचा बाणा. दोघेही चित्पावन, दोघेही संस्कृत पंडित, दोघेही वाचनाने आणि विचाराने एकाच धर्मात आलेले. गोऱ्हे यांनी तेथे पोहोचल्यावर आपली बुद्धी चर्चच्या स्वाधीन करण्याची पराकाष्ठा केली आणि ती त्यांना पूर्णपणे साधली नाही. रमाबाईंनी तसा प्रयत्नही केला नाही.

अभ्यासाने श्रद्धा येते काय, या प्रश्नावर गोऱ्हे यांनी उतारवयात जे म्हटले त्याचा आशय असा, की युक्तिवाद मनुष्याला दारापर्यंत आणतो आणि आत जाण्यासाठी कृपा लागते. हे ख्रिस्ती परंपरेतील जुनेच उत्तर आहे. भगवद्भक्तही थोड्या निराळ्या शब्दांत तेच सांगतात. माझ्या मते गोऱ्हे यांचे वेगळेपण या उत्तरात नसून, ते दिल्यानंतरही दारात उभे राहून आत-बाहेर पाहत राहण्यात आहे.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी ते निवर्तले. त्याच वर्षी फेब्रुवारीत कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. त्यांनीही बायबलचा अभ्यास केला, वाद घातले. परंतु त्यांची वाट कवीची होती आणि तिने पुढे मराठीला अभंग दिले. गोऱ्हे यांनी मराठीत, हिंदीत, संस्कृतात आणि इंग्रजीत लिहिले ते बहुतेक वादाचेच. गार्डनर यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र १९०० मध्ये निघाले. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ मात्र हस्तलिखितातच राहिला होता. तो उज्जैनला छापला गेला तेव्हा त्याच्या कर्त्याला जाऊन ५६ वर्षे झाली होती. आजोबांची प्रत आता माझ्याकडे आहे. जनावरांच्या यातनांविषयीच्या श्लोकांपाशी त्यांनी समासात पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली आहे, बाकी ग्रंथ कोरा आहे.